मनोहर भोईटेंचं पुढचं वर्ष

"वजन किती उतरलं?" पाय हलवत मनोहरनं पडद्याला विचारलं. पडद्यावर संगणकानं रचलेला तो स्वतःच होता, वजन उतरवायचं इंजेक्शन वर्षभर घेतलेला. औषध सुरू करण्याआधी अशी भेट आता सक्तीची होती.

"अठरा किलो. मळमळ दोन महिने. सोडलंस तर वजन परत येतं."

"भूक?"

"लागते कशी, तेच विसरलो."

शेजारी बसलेली त्याची बायको लतिका हसली. "अहो, घेऊनच टाका!"

"आणि ही कशी आहे?"

"सात किलो उतरली."

"तिला कुठं इंजेक्शन आहे?"

"एकटीसाठी ताट कोण वाढून घेणार, म्हणते."

लतिकाचं हसू थांबलं. मनोहर ताडकन उठला. "अरे, मग बस की तिच्यासोबत! दोन घास खा!"

पडद्यावरचा बारीक मनोहर गोंधळला. "हे मला आधी कुणी सांगितलंच नाही."