घासूनपुसून दिलेली गाडी

बावीस वर्षं पोटासाठी चालवलेली पिकअप काकांनी वृद्धाश्रमाला दान दिली. चावी देताना आश्रमाच्या ड्रायव्हरला बजावलं, "हँडब्रेक धरत नाही. सीटखाली लाकडी ठोकळा आहे. उतारावर तो चाकाला लावल्याशिवाय गाडीपासून हलायचं नाही."

काकूंनी तर आदल्या दिवशीच गाडी आतून-बाहेरून घासून काढली होती. "द्यायचं ते माणसाला हातात घ्यावंसं वाटेल असं द्यावं," त्या म्हणाल्या होत्या.

आठवड्याने ड्रायव्हरचा फोन आला. "काका, गाडी उतारावरून मागे गेली. दोन आजी उन्हात बसल्या होत्या... दोघीही गेल्या."

काका भडकले. "ठोकळा लावायला हात मोडले होते का तुझे?"

"नव्हताच हो ठोकळा. सगळी गाडी पालथी घातली. दान देणाऱ्याला एका लाकडासाठी कुठे फोन करायचा, म्हणून वीट लावत होतो. आज वीट फुटली."

"खोटं बोलू नकोस!"

"अहो, कुणावर एवढं खेकसताय?" काकू आतून म्हणाल्या.

काकांनी वळून पाहिलं. वाऱ्याने सदा आपटणारं स्वयंपाकघराचं दार आठवडाभर आपटलं नव्हतं. दाराला ठोकळा लावलेला होता. तोही घासून लख्ख केलेला.