दुसऱ्या वाटेची खबर
अठ्ठ्याण्णव साली बीडला माझी मुलाखत होती. दुर्बिणीच्या संस्थेत जागा एकच. मुलाखत घेणाऱ्या सरांनी दोन पारदर्शक कागद पुढे ठेवले. सरावासाठी बनवलेले नकाशे, विश्व कोवळं होतं तेव्हाच्या एकाच आकाशाचे. एक कार्बनच्या प्रकाशातला, दुसरा ऑक्सिजनच्या. “बहुतेक ठिपके यंत्राचा कचरा. खऱ्या दीर्घिका दाखव.” मी कागद एकावर एक ठेवून खिडकीला लावले. सात ठिपके जुळले. “योगायोग असेल,” सर म्हणाले. मी वरचा कागद बोटभर सरकवला, एकच जुळला. जागेवर आणला, सातही हजर. “कुठं शिकलीस?” “शिरूर कासारला, आमच्या अण्णांच्या दुकानात. ऊसतोडीला गेलेल्यांची खबर एका ट्रकवाल्यानं आणली तर अण्णा त्यांच्या घरी कळवत न्हाईत. दुसऱ्या वाटेनं आलेला तेच बोलला, तरच कळवतात.” सरांनी उत्तराचा कागद काढला. “थांबा सर.” मी सातही ठिपक्यांभोवती पेनानं गोल केले. “आता तुमचा कागद यावर ठेवा.”