झोपलेल्या बाईचा हार

हिरेचोरांच्या चित्रपटांचं चित्रीकरण पूर्वी आमच्या नीस शहरात नेहमी चालायचं. देखणा नट हॉटेलच्या छपरावरून दोर धरून उतरायचा आणि आम्ही पोरी समुद्राकाठी उभ्या राहून टाळ्या वाजवायचो. परवा तसलाच एक जुना चित्रपट टीव्हीवर लागला. शेजारी माझी वहिनी सोलांज बसली होती. पडद्यावर चोराने झोपलेल्या श्रीमंत बाईच्या गळ्यातला हार अलगद काढून घेतला.

"काय हात आहे हो मेल्याचा, वन्सं!" सोलांज म्हणाली. "बाईला पत्तासुद्धा नाही. हिंमत लागते अशी!"

आमच्याकडे आईच्या गळ्यातला सोन्याचा क्रूस मुलीला मिळतो. आई गेली त्या दिवशी तिच्या मृतदेहाच्या उशाशी बसायची पाळी सोलांजची होती. मी कॉफी घेऊन आले, तेव्हा आईचा गळा मोकळा होता आणि ही बया डोळे मिटून, अगदी साध्वीसारखी प्रार्थना पुटपुटत होती. भावाकडे पाहून मी गप्प बसले. आता भाऊही नाही.

"खरंच हिंमत लागते, सोलांज," मी म्हणाले. "ती बाई जागी होऊ शकली असती."