राणीचे दोरे

दर्शनने खुंटीवरची बाहुली काढून वडिलांच्या हातात दिली. "आता ताठ उभं राहून नाचवा, अप्पा. वाकायचं नाही."

भास्करअप्पांनी राणीची पट्टी धरली. पट्टीपासून खाली नवे पांढरे दोरे लोंबत होते. अप्पा सरळ उभे होते आणि राणीचे पाय बरोबर जमिनीला टेकले होते.

"नायलॉन आहे. मिरकरवाड्यातून आणला, मासळीच्या जाळ्याचा. तुटायचा नाही."

अप्पांनी राणीला दोन पावलं चालवलं. ती झोकात चालली.

"जुने दोरे कुठायत?"

"ते? अहो, काळे पडले होते, तेलकट. सकाळी सुक्या पातेऱ्याबरोबर न्हाणीच्या चुलीत घातले."

अप्पांनी नव्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हां. पाणी चांगलं कढत होतं आज."

दर्शन बॅग भरत होता. "गेल्या पौर्णिमेच्या खेळाचा व्हिडिओ बघितला मी. एका हातात राजा, एका हातात राणी, आणि तुम्ही एका अंगाला कललेले. शेवटी दोघांनी धरून खाली उतरवलं तुम्हाला. एवढे तोकडे दोरे ठेवायचे कशाला?"

"तुझी आई ठेंगणी होती."

"माहीत आहे मला. पण आता ती नाचवत नाही ना, अप्पा." हे त्याने अगदी हळू आवाजात म्हटलं.

"बरोबर आहे तुझं. छान केलंस."

घाट उजेडी पार करायचा होता. दर्शन पाया पडला, उद्याचा खेळ कुणाला तरी मोबाईलवर घ्यायला सांगा म्हणाला, आणि गाडी वळवून पुण्याला गेला.

शेजारची रझिया आली तेव्हा अप्पा पडवीतच होते, बाहुली मांडीवर घेऊन. रझियाने हातातली पुडी सोडली. आत हिरव्या खणाचं बोटभर पोलकं.

"घ्या राणीसाहेब, उद्याच्या त्रिपुरीला नवं. काज मात्र डोळे मिटून केल्येत, दिसत नाय आता." मग तिचं लक्ष गेलं. "दोरे बदललेत?"

"दर्शननं."

"गुणाचा पोर. कंबर वाचली तुमची."

अप्पांनी पोलकं राणीच्या अंगात घातलं. बटण लावलं. "रझियाबी, हिची उंची केवढी होती गो?"

"वहिनींची?"

"माझ्या इथवर लागायची." त्यांनी खांद्याशी हात धरला. मग तो चार बोटं खाली आणला. "की इथवर? तिचे दोरे होते तोवर कधी आठवावं लागलं नाही. ते हातात धरले की कळायचं, हात कुठे येतो तिचा."

रझिया खांबाला टेकली. "मी सगळी पोलकी शिवली त्यांची. छातीचं माप सांगेन, दंडाचं सांगेन. झोपेतून उठवून विचारा. पण उंची कोण घेतं, भाऊ?" मग तिला आठवलं. "थांबा. मधल्या गडग्याशी बोलत उभ्या राहिलो की माझ्या कानाला लागायच्या. कुडी बघायच्या माझी, मान वर न करता."

"मग उभी राहा बघू."

ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. अप्पांनी तिच्या कानाच्या पाळीशी खांबावर बोट टेकवलं. रझियाने आणखी ताठ व्हायचा प्रयत्न केला. पाठ खांबाला पुरती लागेना. ती हसली, आणि हसता हसता बाजूला झाली.

"हे माप नका घेऊ, भाऊ. मी तरी तेवढी राहिल्ये कुठे?"

अप्पांचं बोट खांबावर तसंच राहिलं.

बांग झाली तशी तिने डोक्यावरून पदर घेतला. "उद्या येईन खेळाला. पुढेच बसेन," म्हणाली, आणि गेली.

अप्पांनी देवापाशी निरांजन लावलं. खेळाच्या आदल्या संध्याकाळी राणीला कुंकू लावायची रीत होती, ते लावलं. मग राजा उजव्या हातात घेतला, राणी डाव्या, आणि नेहमीसारखी तालीम सुरू केली.

शेवटच्या प्रवेशात रुसून गेलेल्या राणीला राजा बोलावतो. सगळा खेळ अप्पांनी पद्यात बांधला होता. राणीचं हे एक उत्तर तेवढं लिहिलेलं नव्हतं. "तुमचं लिहिलेलं माझ्या तोंडी बसत नाही," असं म्हणून त्यांची बायको सुनेत्रा दर खेळाला वेगळंच काही बोलायची. एकदा तिने राजाला भर देवळात विचारलं होतं, भाताखालचा जाळ काढलात का? ती गेल्यापासून त्या जागी अप्पा नुसते थांबत. लोकांना वाटे, ते तसंच रचलेलं आहे.

"ये गो माघारी राणी, दिवा लागला घरी."

म्हणता म्हणता अप्पांचा डावा खांदा सवयीने खाली गेला. हात गेली तीन वर्षं जिथे जायचा तिथे गेला. नवे दोरे सैल पडले. राणीचे गुडघे दुमडले, आणि ती हिरव्या पोलक्यात, मान खाली घालून, जमिनीवर बसली. राजा तिच्यापुढे उभा होता.

अप्पा थांबले. निरांजनाची वात एकदा तडतडली. हात वर घेतला असता तर राणी उठली असती.

त्यांनी तो घेतला नाही. थोड्या वेळाने दुसरा हातही खाली आणला, आणि राजाला तिच्या शेजारी बसवलं.