डाव्या कुशीवर

नॅडीनने तुर्की बनावटीचं पिस्तूल घेतलं, तेव्हा डॅडी पोट धरून हसले. "अगं, माझ्या पिस्तुलाची स्वस्तातली नक्कल ही! जत्रेतलं खेळणं बरं यापेक्षा!"

त्यांचं स्वतःचं मात्र अस्सल होतं, फौजेतल्या दिवसांतलं. नेमबाजीच्या रेंजवर ते त्याला लाल रुमालावर कायम डाव्या कुशीवर निजवायचे आणि कुणाला बोट लावू द्यायचे नाहीत.

नॅडीन इरेला पेटली. मुठीला अक्रोडाच्या पट्ट्या लावल्या, नवा चाप बसवला, पिस्तूल नवरीसारखं सजवलं. पण शेवटची खिट्टी बसवताना हात सटकला आणि डाव्या अंगावर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठला. नवशिक्यांच्या हातून हमखास उठतो तोच. टेनेसीतला प्रत्येक पिस्तूलवाला त्याला 'मूर्खाची रेघ' म्हणतो.

रविवारी चर्च सुटल्यावर ती रेंजवर गेली आणि डॅडींच्या पिस्तुलाशेजारी आपलं हळूच ठेवलं. डाव्या कुशीवर.

डॅडींचे डोळे बारीक झाले. "नॅडीन, पलटव बघू ते."

नॅडीनने शेजारी शेजारी निजलेली दोन्ही पिस्तुलं पाहिली आणि तिला एकदम हसू फुटलं. "आधी तुमचं पलटवा, डॅडी!"

डॅडींनी इकडेतिकडे पाहून आपलं पिस्तूल पलटवलं. तीच चंद्रकोर.

"आईला बोललीस तर याद राख," ते कुजबुजले. "व्हिएतनामात याला गोळी चाटून गेली म्हणालो, तेव्हा कुठे ती लग्नाला हो म्हणाली."