एअरबॅगचा दिवा

"बॅटरी काढलीस का?" दादाने तिसऱ्यांदा विचारलं.

"काढली."

"निगेटिव्ह आधी?"

"निगेटिव्ह आधी. किल्ली खिशात. चाकं सरळ. अजून काही?" तिने स्क्रूड्रायव्हर शेजारच्या सीटवर आपटला. "दादा, तू घरी जा बरं."

दादा गेला नाही. गाडीच्या उघड्या दारावर हात ठेवून तसाच उभा राहिला. काल फोनवर ती "उद्या स्टिअरिंग मीच उघडते" म्हणाली काय, आज सकाळी चहाच्या आधी हा हजर. तेव्हापासून त्याच्या सूचना ऐकून तिचे कान किटले होते.

दोन महिने डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागून होता. आणि दोन महिने दादा "मी बघतो, तू हात लावू नकोस" म्हणत होता. बघितलं मात्र एकदाही नव्हतं. एरवी हा माणूस मिक्सरपासून कुलपापर्यंत दिसेल ते उघडून बसायचा. स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा हे तिला त्यानेच शिकवलं होतं, आणि त्याच जोरावर ती वीस वर्षं लोकांची शिलाई मशिनं दुरुस्त करत आली होती. आता तोच तिला "हे तुझं काम नाही" म्हणून सांगत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

उद्यापासून तिची लेक ही गाडी घेऊन नोकरीला जाणार होती. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, सगळा हायवे. तो दिवा लागलेला असताना पोरीच्या हातात किल्ली द्यायला तिचं मन धजत नव्हतं. गॅरेजवाल्याने पुढच्या महिन्यातली तारीख दिली होती. म्हणून तिने गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक मिळवलं आणि आठवडाभर रेघा मारमारून वाचून काढलं.

"थांब, अजून पंधरा मिनिटं झाली नाहीत," दादा म्हणाला. "बॅटरी काढली तरी आत करंट राहतो. तोंडावर फुटेल."

"बावीस झाली."

"मीटर लावू नकोस हं. मीटरच्या करंटनेही बॅग उघडते."

"मीटर घरात आहे."

"बाहेर काढलीस की पालथी ठेवायची नाही. कव्हर वरच्या बाजूला. आणि धरताना अंगापासून लांब."

त्याचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं, वैताग होता तो त्याचाच. काही चुकीचं बोलला असता, तर निदान त्याचं तोंड बंद करता आलं असतं.

तेवढ्यात लेक घराच्या दारात आली. "मामा, झालं का? उद्या सातला निघायचंय मला."

"तू उद्या बसने जा," दादा तिला म्हणाला. "गाडी मी घरी नेतो. चार दिवसांत करून देतो."

"चार दिवसांत!" लेकीच्या आधी तीच ओरडली. "मग दोन महिने काय झोपला होतास?"

लेक मुकाट्याने आत गेली. बहीणभावाच्या भांडणात पडायचं नाही, एवढं शहाणपण तिला होतं.

"मी सांगतोय म्हणून सोड," दादा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता, पण तिचं लक्ष नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी ही गाडी त्यानेच तिला दिली होती, पोरीला शाळेत सोडायला. "एअरबॅगवाली आहे, बिनघोर चालव," असं म्हणाला होता. त्या उपकारापोटी ती इतकी वर्षं त्याचं सगळं ऐकून घेत आली होती. आज नाही.

स्टिअरिंगच्या मागे दोन बारीक भोकं होती. तिने स्क्रूड्रायव्हर आत घालून दाब दिला. एक क्लिप सुटली. दुसरी जरा अडली, मग तीही सुटली. मधलं कव्हर सैल झालं. तिने मान बाजूला घेतली, श्वास रोखला आणि दोन्ही हातांनी ते ओढलं.

कव्हर रिकाम्या डब्यासारखं हातात आलं. त्याला वजनच नव्हतं.

तिने आत पाहिलं. बॅग नव्हती. तिच्या जागी जुन्या पडद्याच्या चिंध्या आणि फोमचे तुकडे दाबून भरले होते. बॅगेच्या वायरीच्या टोकाला मसुरीएवढा रेझिस्टर जोडला होता, बॅग जागेवरच आहे असं गाडीला वाटावं आणि दिवा लागू नये म्हणून. त्याचा एक पाय तुटला होता. म्हणून दोन महिन्यांपूर्वी दिवा लागला होता. जोडावर टेपचे तीन वेढे होते आणि वरून मेणाच्या दोऱ्याची गाठ. जोड असा बांधणारी माणसं जगात दोनच होती, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

नऊ वर्षं ती या चिंध्यांसमोर बसून, मागच्या सीटवर पोरीला घेऊन, निर्धास्त गाडी चालवत आली होती.

"दादा." तिने रिकामं कव्हर त्याच्यासमोर धरलं. "बॅग कुठे आहे?"

दादाने दारावरचा हात काढून घेतला.

"तुला गाडी द्यायच्या महिनाभर आधी मी पुलाच्या कठड्यावर आदळलो होतो. सगळ्यांना म्हणालो, बंपर तेवढा गेला."

"आणि बॅग?"

"ती एकदाच उघडते गं," दादा म्हणाला. "माझ्यासाठी उघडली."