झोपलेल्या बाईची भूक

“हा नियम घालू नकोस,” तिचे गटप्रमुख थोरले म्हणाले होते. “लोक खेळायला येतात, शेजाऱ्याला भरवायला नाही.” तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आज थोरले टेबलाच्या पलीकडे बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात तक्रारींचा गठ्ठा होता. त्यांनी सगळ्या मुद्दाम छापून आणल्या होत्या.

त्यांचा संगणकावरचा खेळ अजून अर्धाकच्चा होता आणि तसं सांगूनच तो बाजारात आणला होता. एक बेट. लाकूड तोडायचं, घर बांधायचं, मासे पकडायचे, तगून राहायचं. त्यात तिने स्वतः रचलेला नियम एकच होता. खेळ बंद केला तरी तुमचा माणूस बेटावर झोपून राहतो आणि त्याला भूक लागतच राहते. शेजाऱ्याने भरवलं तर जगतो. चार दिवस कुणी फिरकलं नाही तर मरतो. नियम लागू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. सहा महिन्यांनी आज कामावर परत आली, ती थेट या बैठकीत. नियम ठेवायचा की काढायचा, ते आज ठरणार होतं.

अकरा वाजेपर्यंत तिने घरी तीनदा फोन केला होता. तिसऱ्या वेळी सासूबाई वैतागल्या. “अगं, पोरगी झोपलीय. तुझ्या फोननंच उठेल ती. काम कर तुझं.”

थोरले एकेक तक्रार वाचत गेले. नोकरी सांभाळू की बेटावरची भूक? गावाला गेलो, परत येऊन बघतो तर माझा सांगाडा! माझे शेजारी खऱ्या आयुष्यात मला ओळख देत नाहीत, इथे मासा देतील?

सगळे हसले. तीही हसली, पण तिचे कान तापले होते.

“आणि हे तर ऐकाच,” थोरले म्हणाले. “नाव घेतलंय ‘निवृत्त’. विषय : झोपलेल्या व्यक्तीस लागणाऱ्या भुकेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, एक, मासा दोन तासांत सडतो. दोन, कुऱ्हाड बारा झाडांत मोडते. तीन, मागील सुधारणेपासून लांडगा भिंतीतून आत येतो. सदर बाब गंभीर आहे.”

खोलीत हसण्याचा स्फोट झाला. “लांडग्याला कारणे दाखवा नोटीस काढा!” कुणीतरी ओरडलं.

ती मात्र हसायची थांबली होती.

“चार, माझ्या शेजारी एक बाई सहा महिन्यांपासून झोपून आहे. तिला रोज तीन वेळा भरवावे लागते.” थोरल्यांनी कागद खाली ठेवला. “सहा महिने! कोण सहन करेल? काढून टाकू या नियम.”

“पुढे वाचा,” ती म्हणाली.

“पुढे काय असणार? तेच रडगाणं.”

“थोरले, वाचा ना.”

त्यांनी कागद उचलला. “तथापि, हा नियम रद्द करू नये. सदर बाई बाळंतीण असून तिला तूर्त उठण्यास सवड नाही. ती उठेल तेव्हा तिचे घर तिला जागेवर दिसले पाहिजे. तरी मासा थोडा उशिरा सडेल अशी व्यवस्था व्हावी, ही विनंती. कळावे.”

या वेळी कुणी हसलं नाही. थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. “नियम राहू दे,” ते म्हणाले. “माशाचं मी बघतो. पण हे ‘निवृत्त’ आहेत तरी कोण?”

“माझ्या सासूबाई,” ती म्हणाली. शाळेत पहिला नंबर आल्याचं सांगतानाही तिची मान इतकी ताठ झाली नव्हती. “छत्तीस वर्षं कचेरीत टंकलेखिका होत्या. पोट पुढे आल्यावर घरी मला एकटीला करमेना, म्हणून मीच त्यांना शेजारी बसवून हा खेळ शिकवला. आठवडाभरात कंटाळतील असं वाटलं होतं.”

“आणि झोपलेली बाई?”

“मी.”

आपली बाई पहिल्याच आठवड्यात मेली असणार, हे तिने आजवर धरूनच ठेवलं होतं. बैठक संपल्यावर तिने बेट उघडलं. तिची बाई मजेत झोपली होती, भुकेची पट्टी हिरवीगार, काठोकाठ भरलेली. छपराला नवं लाकूड, भोवती लांडग्यासाठी दुहेरी कुंपण. तिने पडद्याचा फोटो काढला. तो थोरल्यांना दाखवला, चहा घेऊन आलेल्या काकांनाही दाखवला.

मग तिने शेजारच्या घरातली, सासूबाईंची पट्टी उघडली. लाल. अगदी तळाला टेकलेली.

तिने मागच्या नोंदी चाळल्या. रोजचं तेच. सासूबाई बेटावर येत ते बाळ झोपलेलं असताना. तेवढ्या वेळात मिळत तीन मासे. तिन्ही हिच्या झोपलेल्या बाईच्या तोंडी. स्वतः राहत रानफळांवर, जी या खेळात जेमतेम जीव धरून ठेवतात.

दुपारचे अडीच वाजले होते. तिने फोन लावला.

“आई, जेवलात का?”

“हो, केव्हाच.”

“काय जेवलात?”

“तू जेवलीस का ते सांग आधी.”

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेलच. त्यांना विचारू नका, ते ‘हो’च म्हणतील. उठा, आणि त्यांचं ताट बघून या.